भिंतीत आडवी खाच मारण्याआधी हे बघा

(मागे बिनगिलाव्याची वीटभिंत. निवेदकाच्या हातात खडू आणि मोजपट्टी.)

नमस्कार! स्लॅब झाला, वीटकाम झालं, की वायरमन आणि प्लंबर येतात. कटर मशीन सुरू होतं, धुरळा उडतो आणि संध्याकाळपर्यंत भिंतभर खाचा पडलेल्या असतात. भिंतीची जाडी किती, विटा कोणत्या, सिमेंट-वाळूचं प्रमाण काय, यावर घरमालक गवंड्याशी महिनाभर हुज्जत घालतो. खाचांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

नियम एका वाक्याचा आहे. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. वीटकामाचं भारतीय मानक आयएस १९०५ हेच सांगतं आणि इंग्लंडच्या बांधकाम नियमांचं 'अप्रूव्हड डॉक्युमेंट ए' सुद्धा हेच सांगतं.

आता हे भिंतीवर मोजू. (मोजपट्टी लावतो.) ही नऊ इंची भिंत, म्हणजे २३० मिलिमीटर. उभ्या खाचेला ७६ मिलिमीटर मिळाले, आडव्या खाचेला ३८. जाडी धरायची ती विटांची, गिलावा सोडून. साडेचार इंची भिंत घेतली तर ती ११५ मिलिमीटर. तिथे आडव्या खाचेला उरले १९. साधा २० मिलिमीटरचा पाइपसुद्धा त्यात बसत नाही! युरोपचा युरोकोड ६, म्हणजे तिथलं वीटकामाचं मानक, तर आणखी कडक आहे. एवढ्या पातळ भिंतीत वेगळा हिशेब केल्याशिवाय आडवी खाच मुळीच नको, असं त्याचा तक्ता म्हणतो.

उभीला सूट आणि आडवीला चाप का? कारण भार वरून खाली येतो. (खडूने खाली जाणारे बाण काढतो.) उभी खाच या बाणांच्या बाजूने जाते, भार तिच्या डावी-उजवीकडून उतरतो. आडवी खाच सगळे बाण एकदम अडवते. त्या पातळीवर २३० ची भिंत १९२ ची होते. बरं, जाडी नुसती कमी होत नाही. खाच एकाच बाजूला असल्यामुळे उरलेल्या भिंतीचा मध्य १९ मिलिमीटर दुसऱ्या बाजूला सरकतो आणि वरचा भार मध्यावर न पडता एका कडेला पडतो. भिंतीला वाकवणारा जोर तिथून तयार होतो. पलीकडच्या खोलीतूनही त्याच उंचीवर कुणी खाच मारली, तर मधे काय उरलं ते तुम्हीच मोजा. स्विचबोर्डांचे डबे पाठीला पाठ लावून बसवतात तेव्हा नेमकं हेच होतं.

तिरकी खाच हा वायरमनचा आवडता शॉर्टकट, दोन फूट पाइप वाचतो ना! युरोकोड तिरकीला आडवीच्याच रांगेत बसवतो, आणि ते बरोबर आहे. ती भार तर अडवतेच, शिवाय पुढे खिळा ठोकताना आत पाइप कुठून गेलाय याचा अंदाजही येत नाही.

आडवी खाच टळतच नसेल तर ती उंचीच्या मध्यावर नको, भिंत वाकते ती तिथेच. युरोकोड तिला जमिनीजवळ किंवा छताजवळ, उंचीच्या एक अष्टमांशात ठेवतो. तीन मीटर उंचीला हे ३७५ मिलिमीटर झाले. लिंटेलला, म्हणजे दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईला, तर हातच लावू नका. आणि कॉलमला कटर लावणाऱ्याला त्याच क्षणी थांबवा.

"पण आम्ही खाच सिमेंटने बुजवतो ना!" हे नेहमी ऐकू येतं. बुजवाच, पण तो माल नंतर भरलेला असतो. भिंतीवर भार आधीच आलेला आहे, तो उरलेल्या विटांनी उचललाय. नवा माल सुकताना आकसतो, वरच्या विटेला नीट टेकतही नाही. खाच बुजली म्हणून भिंतीची गेलेली जाडी परत येत नाही.

पोकळ ब्लॉकच्या भिंतीत आणखी जपा. ब्लॉकचं बाहेरचं कवच पातळ असतं, खाच थेट आतल्या पोकळीत उघडते. तिथे एक तृतीयांशाचा हिशेब डोळे झाकून लावू नका.

आरसीसी फ्रेमच्या, म्हणजे काँक्रीटच्या कॉलम-बीमचा सांगाडा असलेल्या घरात आतल्या भिंतींवर स्लॅबचा भार सहसा नसतो, तिथे थोडी सवलत आहे. भार पेलणाऱ्या भिंतींच्या घरात ती नाही. आपलं घर कोणत्या प्रकारचं, हे इंजिनिअरला विचारून घ्या, वायरमनला नव्हे.

आता काम कसं करून घ्यायचं? गिलाव्याआधी वायरमन आणि प्लंबर दोघांनाही एकदम बोलवा. पाइप छताखालून किंवा जमिनीतून फिरवून प्रत्येक बोर्डापाशी सरळ उभा उतरवायला सांगा. खडूने सगळ्या रेघा मारून घ्या आणि पलीकडच्या खोलीतल्या रेघांशी जुळवून बघा. मग आधी कटरने दोन्ही कडा कापायच्या, नंतर छिन्नीने मधला भाग हलक्या हाताने काढायचा. थेट छिन्नी-हातोडा घातला की शेजारच्या विटांचे सांधे हलतात.

आणि खाच किती खोल जायची, त्याची खूण कटरच्या पात्यावर करून द्या. ३८ म्हणजे ३८.