पाकिटातली चिठ्ठी

नमस्कार श्रोतेहो.

सर्दी झाली, काढा घेतला, चौथ्या दिवशी मोकळं वाटलं. लगेच आपण म्हणतो, काढा लागू पडला. काढ्यानं गुण आला, की चार दिवस गेले म्हणून सर्दी गेली? हे शोधणं ज्यांचं काम, ते जैवसांख्यिकी तज्ज्ञ, म्हणजे बायोस्टॅटिस्टिशियन. याच कामात माझं आयुष्य गेलं. पण आज मला सांगायचंय ते ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्याबद्दल.

पहिल्या महायुद्धात विशीतला हा इंग्रज तरुण नौदलाच्या विमानदळात होता. तिकडे एजियन समुद्राच्या बाजूला त्याला क्षय जडला. हा काही जगत नाही, असं धरूनच त्याला घरी धाडलं. व्हायचं होतं डॉक्टर. पण दोन वर्षं रुग्णालयाच्या खाटेवर गेली, आणखी दोन घरी. वैद्यकीचं स्वप्न सुटलं. मग पडल्या पडल्या, टपालानं अभ्यास करून त्यानं अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि तिथून तो आकड्यांकडे वळला. आपल्याकडे मुलं पीसीबी घेतात आणि सुटलो एकदाचे गणितातून म्हणतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. डॉक्टर होणाऱ्या मुलाला गणित सोडू देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

तर, दुसरं महायुद्ध संपलं. अमेरिकेत 1943 साली स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावर चालणारं औषध सापडलं होतं. ब्रिटनकडे डॉलर नव्हते, औषध जेमतेम काही रोग्यांपुरतं मिळालं. द्यायचं कुणाला? डॉक्टरवर सोडलं तर तो जीव तुटून, जो वाचेलसं वाटतं त्यालाच देणार. मग तो वाचला तर औषधानं वाचला, की मुळातच धडधाकट होता म्हणून?

हिल म्हणाले, चिठ्ठ्या टाकायच्या. प्रत्येक रुग्णालयासाठी बंद पाकिटं तयार झाली. वर फक्त रुग्णालयाचं नाव आणि क्रमांक. आत एक चिठ्ठी, तिच्यावर एक अक्षर: एस म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन, सी म्हणजे नुसती विश्रांती. रोगी अभ्यासात घेतला की मगच पाकीट फोडायचं. तोवर कुणालाच माहीत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरलाही नाही. पुन्हा सांगतो, डॉक्टरलाही नाही.

औषधाच्या गटाला दर सहा तासांनी सुई, दिवसाला चार, चार महिने. दुसऱ्या गटाला खोट्या सुया टोचायच्या का, हाही प्रश्न निघाला. नाही, असं ठरलं. उगाच इतक्या सुया कशाला टोचायच्या? त्याऐवजी एक्स-रे बघणाऱ्या तिघांना रोगी कुठल्या गटातला हे कळू द्यायचं नाही, अशी व्यवस्था केली. रोग्यांना मात्र आपण अभ्यासात आहोत हे सांगितलं नव्हतं. आज ते चालणार नाही, आणि चालू नयेच.

एकूण रोगी 107. सहा महिन्यांनी औषधाच्या गटात 55 पैकी 4 दगावले होते. विश्रांतीच्या गटात 52 पैकी 14. किती पैकी किती, हे ऐकलंत ना? 'धोका निम्म्यावर आला' अशी बातमी वाचली की हेच विचारा: किती पैकी किती?

1948 साली हे सगळं छापून आलं. त्यात एक कटू गोष्टही नोंदलेली होती. बऱ्याच रोग्यांमधले जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते. म्हणून पुढं दोन-तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत आली.

आता आपल्याकडचं थोडंसं. क्षय म्हटला की तेव्हा सॅनेटोरियम, म्हणजे क्षयरोग्यांना ठेवून घेणारं रुग्णालय, आपल्या मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारखं. पण एवढ्या खाटा आणायच्या कुठून? 1956 साली मद्रासमध्ये असाच अभ्यास सुरू झाला. 193 रोगी, निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपापल्या घरी, दोघांनाही तीच औषधं. कुणी कुठं राहायचं, तेही नशिबावरच सोडलेलं. घरच्या रोग्यांकडे न सांगता माणसं जायची, उरलेल्या गोळ्या मोजायची, लघवी तपासायला न्यायची. वर्षभरानं पाहिलं तर अरुंद घरात, बेताच्या जेवणावर राहिलेले रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले होते. घरातल्या इतरांना त्यांच्यामुळे जास्त लागण झाली, असंही दिसलं नाही.

आज तुमच्या गल्लीतला क्षयाचा रोगी आपल्या घरी, आपल्या माणसांत राहून सहा महिने गोळ्या घेतो, तो त्या मोजलेल्या गोळ्यांमुळे.

नमस्कार.