दोन सर्व्हर, एकच डबा

[दृश्य: रात्र. साखर कारखान्याचं फाटक, उसाच्या गाड्यांची रांग.]

लातूर जिल्हा. जानेवारीतली रात्र, दीड वाजून गेलाय. मांजरेच्या खोऱ्यातल्या एका कारखान्याबाहेर ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या नंबर लावून उभ्या आहेत. बैल बसलेत, गाडीवान शेकोटीला. आत काट्यावर भरगाडी चढते, केबिनमधला कारकून कळ दाबतो, प्रिंटर करकरतो आणि तीन प्रतींची पावती बाहेर येते. तिसऱ्या प्रतीवर कार्बन इतका पुसट उमटतो, की वाचायला डोळे बारीक करावे लागतात.

तोच आकडा शंभर पावलांवरच्या एका खोलीत जाऊन बसतो. शेतकऱ्याचं बिल त्यावर निघतं, आणि 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ते 14 दिवसांत द्यायचं असतं. हंगामात काटा रात्रंदिवस चालू. त्यामुळे डेटाबेस, म्हणजे हे सगळे आकडे ठेवणारी यंत्रणा, बंद करून निवांत कॉपी, म्हणजे बॅकअप, काढू, ही सोय नाही.

[दृश्य: सर्व्हरची खोली. रॅकमधले हिरवे दिवे.]

ही ती खोली. वर दोन सर्व्हर, खाली डिस्क भरलेला एक डबा. त्याला स्टोरेज म्हणायचं. दोन सर्व्हर मिळून एक क्लस्टर. काम एकच करतो. दुसरा त्याची चाहूल घेत बसलेला असतो. ही चाहूल म्हणजे हार्टबीट. ती थांबली की दुसरा कारभार हाती घेतो, म्हणजे फेलओव्हर होतो. ‘मीच मालक’ म्हणून दोघंही उठू नयेत यासाठी तिसरं मत ठेवलेलं असतं, विटनेसचं. काट्यावरच्या कारकुनाला यातलं काही कळत नाही, कारण त्याचा संगणक क्लस्टरच्या नावाला जोडलेला असतो. आत कोण बसलंय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

हे बसवलं तेव्हा इथला डेटाबेस मी सांभाळत होतो. एक सर्व्हर जळाला तरी काटा थांबणार नाही, असं संचालकांना छातीठोक सांगितलं होतं. ते खरंच होतं. पण ऐकणाऱ्यांनी ऐकलं भलतंच: आता डेटा जाणार नाही. हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं.

[दृश्य: कॅमेरा वायरींच्या मागे मागे खाली येतो.]

या वायरी बघा. सर्व्हर दोन, पण दोघांच्याही वायरी जातात त्या एकाच डब्यात. डेटा एकच आहे. काही क्लस्टरमध्ये प्रत्येक सर्व्हरकडे आपापली प्रत असते, तिथं जरा बरं. पण चूक झाली तर तीसुद्धा डोळ्याचं पातं लवायच्या आत पलीकडे पोचते. ही चूक आहे की काम, हे यंत्राला कसं कळावं?

त्या हंगामात एका शेतकऱ्याची पावती दुरुस्त करायची होती. वजन 18 टन 400 किलो. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूम, मीच लिहिली. ‘अपडेट’ लिहिलं, वजन लिहिलं, आणि कोणत्या पावतीचं, ते सांगणारी ‘व्हेअर’ची ओळ सिलेक्ट करायची राहिली; सिलेक्ट केलं तेवढंच चालतं. क्वेरी चालवल्यावर एक ओळ बदलायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा जरा जास्त लागला. पोटात गोळा तेव्हाच आला. हंगामातल्या झाडून सगळ्या गाड्यांचं वजन 18 टन 400 किलो झालं होतं. बैलगाड्यांचंसुद्धा.

दोन्ही सर्व्हर ठणठणीत. क्लस्टरनं त्याचं काम चोख केलं होतं.

बॅकअप शोधला, तर शेवटची फाईल अकरा दिवसांपूर्वीची. काट्यावर विचारलं, तेव्हा एक जण म्हणाला, “साहेब, त्या दिशी रातच्याला मिंटभर आटकलं हुतं. मग आपोआपच चालू झालं बघा.” म्हणजे त्या रात्री फेलओव्हर झाला होता. बॅकअपचं काम मी पहिल्या सर्व्हरच्या विंडोज टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत, लावलं होतं. कारभार दुसऱ्याकडे गेला, तरी पहिला रोज रात्री दोन वाजता इमानेइतबारे उठायचा. डेटाबेसची ड्राइव्ह सापडायची नाही. मग लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, एक एरर टाकून झोपायचा. ते लॉग बघायचं काम माझंच होतं.

जुना बॅकअप वेगळ्या नावानं चढवला आणि पावती क्रमांक जुळवून तोवरची वजनं परत आणली. उरलेले अकरा दिवस होते ते तिसऱ्या प्रतींच्या गठ्ठ्यांत. साडेतीन हजारांवर पावत्या. चार कारकून, तीन दिवस. पुसट आकडा 3 की 8, यावर वाद झाला की चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या गावोगाव फिरणाऱ्या माणसाला, शेतकऱ्याकडे पिटाळायचं. तिथं शर्टाच्या खिशात पहिली प्रत असायची, घामानं मऊ झालेली, पण आकडा स्पष्ट.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर बॅकअपच्या नोंदी.]

आता बॅकअपचं काम एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या शेड्युलरमध्ये, म्हणजे एजंटमध्ये, आहे. त्याच्या नोंदीही त्या सामाईक डब्यातच असतात, त्यामुळे कारभार कुठल्याही सर्व्हरकडे जावो, काम त्याच्याबरोबर जातं. रविवारी पूर्ण बॅकअप, रोज रात्री फक्त रविवारनंतरच्या फरकाचा, आणि दर 15 मिनिटांनी ट्रान्झॅक्शन लॉगचा, म्हणजे प्रत्येक बदलाच्या ओळीनं ठेवलेल्या नोंदीचा. काटा चालूच राहतो. या लॉगची खुबी मला फार उशिरा कळली. दुपारी 2:40 ला चूक झाली, तर रविवारची प्रत, तिच्यावर काल रात्रीचा फरक, त्यापुढे एकेक लॉग ओळीनं चढवायचा आणि 2:39 ला थांबायचं. पण मधला एक लॉग हरवला, की त्याच्या पुढचे सगळे वाया.

फाईली कुठल्याच सर्व्हरच्या सी ड्राइव्हवर नाहीत. त्या जातात दुसऱ्या इमारतीत, आणि तिथून रोज छत्रपती संभाजीनगरला. एवढ्या लांब कशाला, असं इथं कुणी विचारलं नाही. किल्लारी याच जिल्ह्यातली. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56 चा भूकंप. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. दोन प्रती एका छताखाली ठेवणं म्हणजे काय, हे इथल्या संचालक मंडळाला समजावून सांगावं लागत नाही.

शिवाय एक डिस्क आठवड्यातून एकदाच जोडतात आणि लगेच काढून कपाटात ठेवतात. खंडणीखोर व्हायरस शिरला, तर जोडलेल्या सगळ्या ड्राइव्ह कुलूपबंद करतो. काढलेल्या डिस्कपर्यंत तो पोचत नाही.

महिन्यातून एकदा अकाउंट्समधल्या जुन्या संगणकावर हे सगळं खरोखर चढवून बघतात. मग कालचं एकूण टनेज दैनिक गाळप अहवालाशी ताडायचं. पहिल्या महिन्यात ते जुळलं नाही. दोन लॉग नेटवर्क तुटल्यानं अर्धेच पोचले होते.

[दृश्य: पहाट. काट्याची केबिन, प्रिंटर.]

कागदाचा खर्च वाचवायला तिसरी प्रत बंद करायचा विषय नंतर दोनदा निघाला. कॉम्प्युटर विभागाचं मत विचारलं गेलं. राहू द्या म्हणालो.