अठ्ठावीस नावांचा एक माणूस आणि भुसावळचा बुकस्टॉल

(मंडळाच्या खानदेशी मेळाव्यात केलेलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं आटोपशीर करून)

अध्यक्ष, कार्यकारिणीतले मित्र, जळगाव-धुळे-नंदुरबारहून इथे येऊन स्थायिक झालेले सगळे आबा, नाना, ताई, माई, आणि ज्यांच्या लेखी खानदेश म्हणजे फक्त वांग्याचं भरीत असे इतर जिल्ह्यांतले पाहुणे, सर्वांना नमस्कार.

मला विषय दिला होता खानदेशची वाचनसंस्कृती. या विषयावर बोलायचं म्हणजे आसोद्याच्या बहिणाबाई, धरणगावचे बालकवी, साने गुरुजींचं अमळनेर, फैजपूरला जन्मलेले मर्ढेकर, सांगवीचे नेमाडे अशी माळ ओवता येते. ती दरवर्षी कोणीतरी ओवतंच, आणि उत्तम ओवतं. पण आमच्या घरात सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेखक या माळेतला नव्हता. तो मराठीही नव्हता. तुम्ही-आम्ही आज ज्या देशात राहतो, त्या इंग्लंडचा होता. रहस्यकथाकार जॉन क्रीझी. हे नाव किती जणांनी ऐकलंय? (दोन हात वर आले, त्यातला एक आमच्या घरातलाच.)

१९०८ साली लंडनच्या दक्षिणेला साउथफील्ड्समध्ये एका गरीब गाडी बनवणाऱ्याच्या घरी हा जन्मला. घरात नऊ मुलं. शाळा लवकर सुटली, मग कारकुनी, कारखाना, फिरती विक्री असं जे मिळेल ते काम. रात्री लिहायचं, सकाळी टपालात टाकायचं, आणि काही दिवसांनी 'साभार परत'. पहिलं काही छापून येण्याआधी अशा ७४३ चिठ्ठ्या जमल्या होत्या, असं त्याच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. १९३२ साली पहिली रहस्यकादंबरी निघाली, १९३५ पासून नोकरी सोडून पूर्णवेळ लेखन सुरू झालं, आणि मग जो नळ सुटला तो बंदच होईना. १९३७ या एका वर्षात त्याची २९ पुस्तकं निघाली. १९७३ मध्ये सॅलिसबरीजवळच्या बोडेनहॅमला तो गेला तेव्हा एकूण आकडा सहाशेच्या घरात होता, आणि त्या सहाशेंवर त्याच्या खऱ्या नावाबरोबर अठ्ठावीसेक टोपणनावं होती. अँथनी मॉर्टन, गॉर्डन अ‍ॅश, मायकेल हॅलिडे, जेरेमी यॉर्क, नॉर्मन डीन, जे. जे. मॅरिक. प्रेमकथा लिहिताना मार्गारेट कुक. काउबॉयच्या कथा लिहिताना टेक्स रायली.

काउबॉयचा किस्सा सांगितलाच पाहिजे. अमेरिका न बघताच हा वेस्टर्न लिहीत होता. कयोटी नावाचा प्राणी तिकडे असतो एवढं कुठेतरी वाचलेलं. आता कयोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचाच भाऊबंद. पण यानं एका कथेत तो डोक्यावरून उडत जाताना दाखवला. संपादकाच्याही लक्षात आलं नाही म्हणतात. वर्षाला एकोणतीस पुस्तकं काढली की कोल्ह्यांना पंख फुटणारच.

तर हा माणूस आमच्या घरी आला भुसावळमार्गे. आमचे नाना, म्हणजे माझे थोरले काका, रेल्वेत गार्ड. भुसावळला रेल्वे कॉलनी, इन्स्टिट्यूट, तिथली लायब्ररी. अँग्लो-इंडियन कुटुंबं एकेक करून ऑस्ट्रेलियाला, नाहीतर इकडे इंग्लंडला निघाली आणि जाताना ट्रंकांत न मावलेली पुस्तकं मागे ठेवून गेली. त्यात क्रीझी भरपूर. नाना मॅरिकचे भक्त. मॉर्टनला मात्र उथळ म्हणायचे. ड्युटीवर त्यांच्याबरोबर असणारे एक साहेब नेमके उलट मताचे. गाडी यार्डात अडकली की दोघांची जुंपायची. दोन्ही लेखक एकच, हे त्या दोघांपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं.

नावं बदलण्यामागे गूढ वगैरे काही नव्हतं. एका लेखकाची वर्षात दोन-तीनच्या वर पुस्तकं काढायला प्रकाशक तयार नसत. आधीचं विकलं जायच्या आत नवं आलं तर दोन्ही पडतात, हा धंद्याचा साधा हिशोब. शिवाय त्या काळात इंग्लंडमध्ये रहस्यकथा विकत घेणारे कमी, भाड्यानं नेणारे जास्त. तंबाखूवाल्याच्या, कागदवाल्याच्या दुकानात एक फळी असायची, दोन पेन्सला एक पुस्तक, अनामत नाही की सभासदत्व नाही. जरा बऱ्या घरातल्यांसाठी बूट्सची लायब्ररी, होय, तेच औषधवाले बूट्स, आणि डब्ल्यू. एच. स्मिथची. फळीसमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला नाव बघितल्याबरोबर कळायला हवं की आत काय माल आहे. मॉर्टन म्हणजे रत्नं चोरणारा उमदा 'बॅरन'. अ‍ॅश म्हणजे मारामाऱ्या. हॅलिडे म्हणजे घरातल्या घरात शिजणारा खून. आपल्याकडचा शेतकरी सगळं रान कपाशीखाली घालत नाही. थोडी ज्वारी, थोडा उडीद, बांधाला तूर. जमीन तीच, पण एका पिकाचा भाव पडला तर दुसरं हात देतं. क्रीझीनं नावं अशी पेरली होती.

ही दुकानातली फळी तुम्हाला ओळखीची वाटली असेल. जळगावला, धुळ्याला, चाळीसगावला दिवसाच्या भाड्यानं पुस्तकं देणारी दुकानं होती. वरच्या बाजूला वह्या-पेन्सिली, आत मागे पुठ्ठ्यांत शिवलेल्या कादंबऱ्या. जिल्हा वाचनालयात खांडेकर मागायचे आणि येताना वाटेत त्या दुकानातून झुंजार न्यायचा, असा सभ्य घरातला रिवाज. झुंजारवर वर्तमानपत्राचं कव्हर चढायचं, खांडेकरांवर नाही.

झुंजार म्हणजे बाबुराव अर्नाळकरांचा नायक. अर्नाळकर हेही टोपणनावच, मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, १९०६ ते १९९६. त्यांची पुस्तकं हजारावर गेली. म्हणजे आकड्यात क्रीझी त्यांच्या मागेच. पुढे गुरुनाथ नाईक आले, त्यांचा आकडा बाराशेच्या आसपास सांगितला जातो. मला वर्षानुवर्षं प्रश्न पडायचा की वर्षाला ढीगभर पुस्तकं काढायची अडचण दोन्हीकडे सारखीच, मग आपल्या लेखकांना अठ्ठावीस नावं का लागली नाहीत?

याचं उत्तर मला भुसावळच्या प्लॅटफॉर्मवरच्या बुकस्टॉलवर सापडलं असं मी म्हणेन. पारोळ्याचा, रावेरचा माणूस दुकानात जाऊन 'अर्नाळकर आला का' एवढंच विचारायचा. नाव हाच छाप होता, तो बदलला तर गिऱ्हाईक गेलं. म्हणून अर्नाळकरांनी स्वतःला एकच ठेवलं आणि नायक वाढवले. झुंजार वेगळा, काळापहाड वेगळा, धनंजय-छोटू वेगळे. कंटाळा आला तर वाचकानं नायक बदलावा, लेखक तोच. इंग्रजानं मुखवटे स्वतःच्या तोंडावर चढवले, आपल्या माणसानं ते पात्रांना वाटून टाकले.

आणि तिसरा प्रकार त्याच स्टॉलवर, बाजूच्या तारेला चिमटे लावून लटकलेला असे. भुसावळ जंक्शन आहे हे इथे लक्षात घ्या. एक फाटा नागपूरमार्गे हावड्याला, एक इटारसी-जबलपूर करत अलाहाबादला, एक ताप्तीच्या काठानं सुरतेला. अलाहाबादच्या गाडीनं हिंदी पुस्तकं यायची. स्टेशनांवर बुकस्टॉल चालवणारी व्हीलरची कंपनी तिथलीच, १८७७ मध्ये सुरू झालेली. रहस्यकथाकार इब्ने सफी मूळ उर्दूत लिहायचे आणि १९५२ नंतर कराचीत राहायचे, पण हिंदीत ते अलाहाबादहून निघायचे, आणि हिंदीत येताना त्यांच्या नायकांची नावं बदलायची, फरीदीचा 'विनोद' व्हायचा, इमरानचा 'राजेश'. साठच्या सुमाराला ते आजारी पडले आणि लेखन थांबलं, तेव्हा त्यांच्या नावाशी कानामात्रेच्या फरकानं जुळणारी नावं घेऊन भलतेच लोक लिहू लागले. पुढे दिल्ली-मेरठच्या पॉकेट बुकवाल्यांनी तर कमाल केली. तिथे नाव प्रकाशकाच्या मालकीचं. त्या नावाखाली आज एक लिहितो, पैशावरून बिनसलं की उद्या दुसरा. मुखपृष्ठावरचा लेखक प्रत्यक्षात नाहीच.

एक माणूस आणि अठ्ठावीस नावं, एक नाव आणि अनेक नायक, एक नाव आणि अनेक माणसं. हे तिन्ही धंदे एका स्टॉलच्या दोन हात रुंदीत बघायला मिळायचे, आणि आमच्या खानदेशातल्या वाचकाला त्याचं काहीच वाटायचं नाही. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, साहेबापुढे मोडकं इंग्रजी. पुस्तक कुठल्याही भाषेतलं असलं तरी चालायचं, शेवटची पानं फाटलेली नसली म्हणजे झालं. खानदेशच्या वाचनसंस्कृतीत मी ही सवयही धरतो. गौरवग्रंथांत ती कुणी धरत नाही, त्याला माझा इलाज नाही.

आता खरं बोलायचं तर क्रीझीचं पुष्कळसं लेखन सामान्य आहे. 'टॉफ' हा त्याचा खानदानी हौशी गुप्तहेर एका बैठकीत दोनदा वाचवत नाही. माणसं पुठ्ठ्याची, संवाद घाईचे, आणि योगायोगांची तर रेलचेल. 'बॅरन'ची पहिली कादंबरी त्यानं एका स्पर्धेसाठी सहा दिवसांत लिहिली असं म्हणतात. वाचताना ते खरं वाटतं. पण ती स्पर्धा त्यानं जिंकली, हेही सांगायला हवं.

मॅरिकची गोष्ट मात्र निराळी. १९५५ साली 'गिडिअन्स डे' आलं. जॉर्ज गिडिअन हा स्कॉटलंड यार्डचा मोठा अधिकारी. पाइप ओढत तर्क लढवणारा नव्हे, तर फायली, माणसांची टंचाई आणि उशीर झाल्यामुळे घरी बायकोचा अबोला सांभाळणारा. आणि एका पुस्तकात एक गुन्हा नाही, पाच-सहा. काही सुटतात, काही नाही, काही पुढच्या दिवसावर जातात. पोलिसाचं काम खरोखर असं चालतं. रहस्यकथेत ते असं दाखवणं त्या काळी नवंच होतं. क्रीझीनं यासाठी नवं नाव घेतलं आणि ते घरातूनच घेतलं. जॉन आणि बायको जीन यांचे दोन 'जे', मुलगा मार्टिनचा 'मॅर', दुसरा मुलगा रिचर्डचा 'रिक'. बाकी नावं बाजारासाठी होती, या नावात त्याचं घर होतं, आणि सगळ्यात चांगलं लेखन याच नावानं झालं. योगायोग असेल, मला तसं वाटत नाही. जॉन फोर्डनं १९५८ मध्ये त्यावर चित्रपट केला. १९६२ साली अमेरिकेतल्या रहस्यकथा लेखकांचा एडगर पुरस्कार मिळाला तो क्रीझीला नाही, मॅरिकला.

नाना सुट्टीत अमळनेरला घरी आले की संध्याकाळी ओट्यावर बसून गिडिअनची गोष्ट अहिराणीतून सांगायचे. स्कॉटलंड यार्डचं 'मुंबईचं मोठं ठाणं' व्हायचं, थेम्सची तापी. अडचण एकच. एका गोष्टीत पाच गुन्हे, त्यामुळे श्रोत्यांची फाटाफूट. आजीचा जीव पळवून नेलेल्या पोरीत अडकलेला, शेजारच्या आप्पांना बँकेच्या गाडीचं पडलेलं, आणि मागून कोणीतरी ओरडायचं, "मंग खून कोनी कया रे भो?" नाना म्हणायचे, थांबा, साहेबाला पण अजून माहीत नाही. क्रीझीच्या तंत्रावर मी पुढे इंग्रजीत बरंच वाचलं, पण एवढ्या नेमकेपणानं कुणी सांगितलेलं नाही.

त्याच्या बाकीच्या उद्योगांबद्दल थोडक्यात. १९५३ मध्ये त्यानं इथली गुन्हेकथा लेखकांची संघटना स्थापन केली, ती आजही आहे आणि तिचे 'डॅगर' पुरस्कार तुम्ही बातम्यांत वाचता. पहिल्या पुस्तकासाठीचा डॅगर बरीच वर्षं क्रीझीच्या नावानं दिला जात होता. ७४३ चिठ्ठ्या खाल्लेल्या माणसाचं नाव नवोदितांच्या पुरस्काराला, हे छान जुळलं. राजकारणाचीही हौस. १९५० मध्ये लिबरल पक्षाकडून उभा राहिला आणि पडला. पुढे सगळ्या पक्षांतली चांगली माणसं एकत्र आणून सरकार चालवावं म्हणून स्वतःचा पक्ष काढला आणि पोटनिवडणुका लढवून पुन्हा पडला. मतदारानं त्याची एकही कथा पटवून घेतली नाही.

तो गेल्यावरही काही वर्षं त्याची पुस्तकं येत राहिली, आधीच लिहून ठेवलेली. ज्या फळ्यांसाठी तो लिहायचा त्या मात्र त्याच्याआधीच संपल्या होत्या. स्मिथची लायब्ररी १९६१ ला बंद झाली, बूट्सची १९६६ ला. आपल्याकडची भाड्याची दुकानं त्यानंतर आणखी काही काळ तगली, मग टीव्हीनं त्यांना खाल्लं. आता त्या जागी मोबाइलचे रिचार्ज मिळतात.

वाचायची इच्छा झाली तर गिडिअनपासून सुरू करा आणि टेक्स रायली टाळा. नवी प्रत शोधत बसू नका. हाय स्ट्रीटवरच्या चॅरिटी दुकानांत जुन्या पॉकेट आवृत्त्या पडून असतात. फक्त 'सी'च्या फळीवर बघून परत फिरू नका. 'एम'मध्ये मॅरिक आणि मॉर्टन, 'ए'मध्ये अ‍ॅश, 'एच'मध्ये हॅलिडे, आणि अगदी खाली, जिथे वाकावं लागतं तिथे, 'वाय'मध्ये यॉर्क. आणि कुणाच्या घरी झुंजार किंवा काळापहाड माळ्यावर पडले असतील, तर पुढच्या वेळी भारतातून येताना बॅगेत टाका. मंडळाच्या कपाटात खांडेकरांच्या शेजारी जागा आहे, मी अध्यक्षांना विचारून घेतलंय. कव्हर घालायची गरज नाही.