सही शेवटी वाचायची

नमस्कार श्रोतेहो. आपला लोहार विळ्याला पाणी पाजतो. ते पाणी आपल्याला कळतं ते गवत कापताना, डोळ्यांना काही दिसत नाही. जुन्या जपानी तलवारीचं पाणी मात्र चक्क बघता येतं.

तिथला लोहार पात्यावर मातीचा लेप देतो, पाठीकडे जाड आणि धारेकडे अगदी पातळ. मग पातं लाल तापवून पाण्यात. धार झटकन निवते आणि कडक होते, पाठ सावकाश निवते म्हणून चिवट राहते. कडक झालेलं पोलाद किंचित फुगतं आणि पातं पाठीकडे वाकतं, तलवारीच्या बाकातला बराचसा भाग हाच. कधी याच क्षणी 'टक्' असा आवाज येतो, धारेला तडा जातो आणि सगळी मेहनत भंगारात. निभावलं तर कडक आणि चिवट पोलादाच्या सीमेवर एक पांढुरकी रेघ उमटते. तिला म्हणतात हामोन.

तोक्योत र्‍योगोकू भागात तलवारींचं संग्रहालय आहे. तिथे काचेपुढे माणसं गुडघ्यांत वाकतात, उठतात, पुन्हा वाकतात. ती दिव्याचा कोन शोधत असतात. कोन सापडला की हामोन जागा होतो. बिझेन प्रांताच्या पात्यात तो बहुधा पहाटेच्या धुक्यासारखा, तर सागामीच्या पात्यात बारीक चमकते कण, रवा सांडल्यासारखे.

पारखी आधी आकार बघतो, मग पोलादाची वीण, मग हामोन. मुठीत दडलेल्या भागावर लोहाराची सही कोरलेली असते, पण ती शेवटी. कारण सह्या सर्रास खोट्या असतात. सतराव्या शतकातल्या कोतेत्सूचं नाव दिसलं की आधी बनावटच समजा, असं तिथले लोकच म्हणतात. उलट मासामुने, एवढा मोठा लोहार, पण त्याची सही असलेली पाती अगदी मोजकी. लांब तलवारी पुढे मुठीकडून कापून आखूड केल्या, त्यातही कितीतरी सह्या गेल्या. मग कर्तेपण ठरवायचं कोणी? पारख्यांनी. होनआमी घराण्याचा तो पिढीजात धंदा. फुकुओकाच्या संग्रहालयात सोळाव्या शतकातला बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा याची एक तलवार आहे. होनआमी कोतोकूने ती हासेबे कुनिशिगे या लोहाराची ठरवली आणि तसं सोन्यात जडवून लिहिलं, खाली स्वतःचं नावही. निकाल चुकला तर तोही सोन्यातच राहणार! ही जबाबदारी मला सहीपेक्षा मोठी वाटते.

एक सांगायलाच हवं. मुठीतल्या त्या भागावर काळपट गंज असतो. आपला हात लगेच चिंच आणि राख शोधतो. तिथे तो गंज कुणी पुसत नाही. शतकानुशतकं चढलेला तो रंग सहजी नकली करता येत नाही. जुन्या गंजावर नवी सही कोरली, तर अक्षरांच्या खाचा चुगली करतात.

जाणकार मंडळी याचा खेळही खेळतात. मुठीकडचा भाग झाकलेला, पातं उघडं. प्रत्येकाने चिठ्ठीवर लोहाराचं नाव लिहायचं. बरोबर आलं तर परीक्षक 'आतारी' लिहितो. त्याच परंपरेतला गुरू किंवा शिष्य लिहिलात तर 'दोझेन', म्हणजे जवळजवळ तेच. सगळ्यांच्या चिठ्ठ्या झाल्या की मग झाकण निघतं, आणि गंज व सही दिसते.