सात नंबरचा रस्ता

नमस्कार, श्रोतेहो.

आज मी तुम्हाला एका रस्त्याबद्दल सांगणार आहे, आणि त्या रस्त्यावर पाच दिवस माझ्या शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाबद्दल. रस्ता म्हणजे श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४. माणूस म्हणजे माझे सासरे. आमच्या वऱ्हाडात सुना सासऱ्यांना मामाजी म्हणतात, मीही तेच म्हणते.

मामाजी ३१ वर्षं एसटीत चालक होते. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून त्यांच्या कपाटात, धुतलेल्या खाकी शर्टाच्या खिशाला लावलेला आहे. नोकरीतली बरीच वर्षं ते पांढरकवड्याला मुक्कामी गाडी घेऊन जायचे. गाडी स्टँडवर लावायची, डबा खायचा आणि झोप येईपर्यंत हायवेच्या कडेला जाऊन उभं राहायचं. तेव्हा त्या रस्त्याला सात नंबर म्हणत. वाराणसीहून निघून कन्याकुमारीला पोचणारा तो देशातला सर्वांत लांब रस्ता होता. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले, पण मामाजींच्या तोंडी अजून सात नंबरच आहे. तमिळनाडूच्या पाट्यांचे ट्रक रात्रभर दक्षिणेकडे जायचे. सकाळी सहाला मामाजी गाडी काढायचे ती उलट्या दिशेला, यवतमाळकडे.

पण कन्याकुमारीला जायचं कारण याहून जुनं आहे. ते एक रुपयाचं आहे.

मामाजी सहावीत असताना शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं, की समुद्रात एक शिळा आहे, विवेकानंद तिथे ध्यानाला बसले होते, आता तिथे स्मारक होतंय, त्याला प्रत्येकाने एक रुपया द्यायचा. ते काम हाती घेतलेले एकनाथजी रानडे आमच्याच अमरावती जिल्ह्यातले, टिमटाळ्याचे. हे पुष्कळांना ठाऊक नसतं म्हणून मुद्दाम सांगते. विवेकानंदांच्या जन्मशताब्दीच्या सुमाराला स्मारकाला बराच विरोध होता. रानडे दिल्लीत जाऊन बसले आणि तीन दिवसांत ३२३ खासदारांच्या सह्या घेऊन आले. त्यात सगळ्या पक्षांचे लोक होते. मग पैसा उभा करताना त्यांनी ठरवलं, की मोठ्या देणग्या येतीलच, पण साध्या माणसाकडूनही एकेक रुपया घ्यायचा. २ सप्टेंबर १९७० ला राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं.

मामाजींच्या आईने कापूस वेचणीच्या मजुरीतून तो रुपया दिला होता. एकदम नाही, दहा पैसे, दहा पैसे असा. शाळेतून एक छापील कागद मिळाला, त्यावर शिळेचं चित्र होतं. तो कितीतरी वर्षं त्यांच्या घरात देव्हाऱ्यामागच्या भिंतीला चिकटवलेला होता. पुढे एका पावसाळ्यात ती भिंतच पडली.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, सुट्टी हक्काची. नवरा येणार होता, त्याची रजा ऐनवेळी नामंजूर झाली. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, गाडी लागते, तासाभराच्या पलीकडे त्या बसूच शकत नाहीत. त्यांनी तिखट पुऱ्या, जवसाची चटणी आणि शेवेचा डबा बांधून दिला आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं जा." मामाजी आता गाडी चालवत नाहीत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर रात्रीच्या उजेडाला डोळा साथ देत नाही म्हणून त्यांनी स्वतःच लायसन्स पुढे वाढवलं नाही. तेव्हा चालक मी.

मला भीती वाटत होती, हे खरं सांगते. रस्त्याची नाही. ज्याने ३१ वर्षं माणसांनी भरलेली गाडी चालवली, त्याच्या शेजारी बसून १७०० किलोमीटरहून जास्त गाडी चालवायची, याची.

निघायच्या आदल्या रात्री त्यांनी एक शंभर पानी वही काढली, पट्टीने रेघा मारल्या. तारीख, सुटायची वेळ, पोचायची वेळ, किलोमीटर, डिझेल. एसटीचा लॉगशीटच तो. शेवटचा रकाना होता केपीटीएलचा, म्हणजे दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली त्याचा. एसटीत चालकाचा हात कसा आहे हे त्या आकड्यावरून ओळखत. विनाकारण ब्रेक, विनाकारण रेस, सगळं त्यात उतरतं. आणि त्यांनी एक अट घातली, "आठ तासाची ड्युटी. दिवस बुडाला का गाडी उभी." ती पाचही दिवस पाळली.

अमरावतीहून यवतमाळ, पांढरकवडा, आणि पाटणबोरी सोडलं की पैनगंगेचा पूल. पुलापलीकडे तेलंगण. मामाजी सरळ होऊन बसले. म्हणाले, "इथून पुढं मले काही ठाऊक नाही. आता तू आन् पाट्या."

त्यांनी मला शिकवलं नाही. पहिले दोन दिवस तर ते जवळजवळ बोललेच नाहीत. पण मला लवकरच कळलं, की त्यांच्याकडे बघून पुढचं समजतं. ओव्हरटेक करताना समोरून काही येत असेल, तर मला दिसायच्या आधी त्यांचा डावा हात दारावरच्या मुठीकडे जायचा. ट्रकच्या मागे असताना ते ट्रककडे बघत नसत, ट्रकच्या खालून, चाकांच्या मधून पुढचा रस्ता बघत. मीही बघायला लागले. खरंच दिसतं. ट्रकच्या पुढे मोटारसायकल असेल तर तिची सावली दिसते.

आणि ते एकदाही झोपले नाहीत. दुपारच्या जेवणानंतर, सरळसोट रस्त्यावर, उन्हात, मला स्वतःला जांभया येत असताना ते ताठ बसलेले असायचे. मी म्हटलं, "मामाजी, पडा ना थोडं." तर म्हणाले, "बाजूवाला झोपला का डायव्हरले झोप येते." वाहकालाही ते रात्रीच्या गाडीत पुढे येऊन बसायला सांगत, म्हणे.

नद्यांचं त्यांना फार होतं. निर्मलच्या पुढे सोनच्या पुलावर गोदावरी आली, तेव्हा "ही आपल्या त्र्यंबकची" म्हणून हात जोडले. मी गाडी हळू करायला गेले, तर म्हणाले, "पुलावर गाडी थांबवू नये." हैदराबादच्या खाली, बीचुपल्लीला कृष्णा ओलांडतो. तिथे नदीकाठी मारुतीचं देऊळ आहे. पूल संपल्यावर गाडी नीट बाजूला घेऊन आम्ही घाटावर उतरलो. महाबळेश्वरला मी ती एवढीशी धार बघितलेली, इथे पलीकडचा काठ दूरवर दिसत होता. मामाजींनी ओंजळ भरून तोंड धुतलं, आणि बराच वेळ तसेच ओल्या चेहऱ्याने उभे राहिले. मग कर्नूलला तुंगभद्रा. अंघोळ करताना आपल्याकडे जो गंगे च यमुने चैव श्लोक म्हणतात, त्यातली या वाटेवरची कावेरी तेवढी राहिली होती. ती चौथ्या दिवशी नामक्कल सोडल्यावर दिसली, काठोकाठ भरलेली.

मुक्कामाच्या गावी पोचलो की मी खोलीवर पाठ टेकायचे आणि मामाजी बसस्टँड बघायला जायचे. हे मला आधी समजत नव्हतं. अनंतपूरला मीही गेले बरोबर. त्यांना तेलुगू येत नाही, समोरच्याला मराठी येत नाही. मामाजींनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "महाराष्ट्र एसटी. ड्रायव्हर. इकतीस साल." बास. पाच मिनिटांत तिघे-चौघे चालक जमले, कोणीतरी चहा आणला. एकाने बोटं दाखवून विचारलं, ड्युटी किती तासांची? पगार किती? मामाजी गाडीच्या पुढच्या टायरपाशी वाकले, झिजलेल्या कडेवर अंगठा फिरवला आणि मान हलवली. त्या चालकानेही तशीच मान हलवली. अलाइनमेंट गेलेली होती. दोघांनाही तेवढंच म्हणायचं होतं.

तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. आपल्याकडे दिवाळीत पाऊस ओसरलेला असतो, तमिळनाडूत तेव्हाच ईशान्य मोसमी पाऊस भरात असतो. धर्मपुरीहून सेलमकडे जाताना तोप्पूरचा घाट लागतो. आपल्या घाटांसारखी वळणं नाहीत तिथे, रस्ता रुंद आणि चांगला आहे, आणि तोच धोका आहे. उतार लांबच लांब, आणि माल भरलेले ट्रक उताराने वेग घेतात. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारेही असतात. मग सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. तोप्पूरला अपघात होतात ते असे.

मामाजी त्या दिवशी पहिल्यांदा सलग बोलले. "ज्या गेअरमधी चढतो, त्याच गेअरमधी उतरायचं. पाय ब्रेकवर ठेवून नोको बसू. इंजिनले धरू दे." मी गाडी तिसऱ्यात घेतली. इंजिन गुरगुरायला लागलं, पण गाडी खरंच धरून ठेवल्यासारखी उतरू लागली. थोड्या वेळाने त्यांनी काच दोन बोटं खाली केली. पाऊस आत आला. "वास येऊन राह्यला का तुले?" मला जळक्या रबरासारखा काहीतरी वास आला. "ब्रेकचं लायनर जळून राह्यलं समोरच्याचं. अंतर सोड."

पुढे एक ट्रक होता, फरश्या भरलेला. उतार जरा सैल झाला तिथे त्याने कसाबसा कडेला घेतला. मागच्या चाकांतून पांढरा धूर येत होता. मामाजी म्हणाले, "घे बाजूले." मी लांब पुढे नेऊन गाडी थांबवली. ते पावसात, डोक्यावर टॉवेल टाकून मागे चालत गेले, मी त्यांच्या मागे. ट्रकचा क्लीनर, अगदी पोरगेला, पाण्याचा कॅन घेऊन चाकापाशी वाकला होता. मामाजींनी धावत जाऊन त्याचा हात धरला. लाल झालेल्या ब्रेकच्या ड्रमवर थंड पाणी ओतलं की त्याचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तडकतं. हे त्याला कोणत्या भाषेत सांगणार? त्यांनी दोन मुठी एकमेकींना जोडल्या, वरून पाणी पडतंय असं दाखवलं आणि मुठी फाडकन अलग केल्या. पोराने कॅन खाली ठेवला. चालक उतरून आला, पन्नाशीचा असेल, हात थरथरत होते. मामाजींनी कडेचा मोठा दगड उचलला आणि चाकाखाली सरकवला, दुसरा त्या चालकाने सरकवला. मग ते दोघे ट्रकच्या बंपरपाशी, धूर कमी होईपर्यंत, शेजारी शेजारी उभे होते. मामाजींचा हात त्याच्या पाठीवर होता.

गाडीत परत आल्यावर मी विचारलं, "तुमचे असे ब्रेक गेले होते का कधी?" ते म्हणाले, "एकदा." आणि पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

मदुराईला सराफ बाजारात मराठी ऐकू आलं. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत, त्यांतलंच एक कुटुंब. त्या बाईंनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. चार दिवसांनी ताटात भाकरी बघून मामाजींचे डोळे भरून आले. माझेही.

पाचव्या दिवशी दुपारी पवनचक्क्या दिसायला लागल्या, शेकड्यांनी, आणि मग रस्ता संपला. समोर समुद्र. पण समुद्र खवळलेला होता, शिळेकडे जाणाऱ्या बोटी बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. मामाजी दोन्ही दिवस किनाऱ्यावरच्या कट्ट्यावर बसून शिळेकडे बघत होते. मी चिडले होते, नशिबाला बोल लावत होते. ते म्हणाले, "अवं, रुपया पन्नास-पंचावन वर्सापासून तिथंच हाय. कोठी जाते?"

तिसऱ्या दिवशी सकाळी बोट सुटली. पलीकडच्या शिळेवर तमिळ संतकवी तिरुवल्लुवरांचा १३३ फुटांचा पुतळा आहे, आता दोन्ही शिळांमध्ये ७७ मीटरचा काचेचा पूलही झाला आहे. लोक तिकडे धावत होते. मामाजी स्मारकाच्या पायऱ्यांपाशीच थांबले. चपला काढल्या, खाली बसले आणि पायरीच्या दगडावरून तळहात फिरवू लागले, टायर बघताना अंगठा फिरवतात तसा. बराच वेळ. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मायनं पाह्यलं असतं." आणि खिशातून आईचा फोटो काढून त्यांनी तो क्षणभर त्या दगडावर ठेवला. मला फोटोचं ठाऊकच नव्हतं. पाचही दिवस तो त्यांच्या शर्टाच्या खिशात होता.

परतीच्या प्रवासाचं फार सांगत नाही. त्याच नद्या, उलट्या क्रमाने. तोप्पूर चढताना उन्ह होतं. केपीटीएल जाताना १८६ होता, येताना १९८ आला. मामाजींनी तो आकडा वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

शेवटच्या दिवशी पैनगंगा ओलांडली तेव्हा चार वाजले होते. पांढरकवड्याला चहा घेतला. तिथून गाडी यवतमाळच्या रस्त्याला लागली, त्यांच्या ३१ वर्षांच्या रस्त्याला. कापसाची शेतं दोन्ही बाजूंनी पांढरी झालेली. मी काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. बघितलं, तर मामाजी मान खिडकीला टेकवून झोपले होते. तोंड किंचित उघडं, चष्मा नाकावर घसरलेला, वही मांडीवर.

मी गाडी हळू केली. खड्डे चुकवत, हॉर्न न वाजवता यवतमाळपर्यंत आले, मग नेर, मग अमरावती. ते उठले नाहीत. दारात गाडी लावली तेव्हा साडेसात झाले होते. मी हलकेच वही काढून घेतली आणि त्या दिवसाची पोचायची वेळ मी लिहिली.