तीन तासांत एक डचेस

(दृश्य: लंडनची नॅशनल गॅलरी. चित्र डोक्यापासून पायापर्यंत.)

उंची 179 सेंटिमीटर, रुंदी साडेब्याऐंशी. ओकच्या लाकडावर तैलरंग. समोर उभी आहे डेन्मार्कची क्रिस्टिना, मिलानची डचेस. वय 16. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि चौदावं पुरं व्हायच्या आत, 1535 साली, नवरा फ्रान्चेस्को स्फोर्झा वारला. अंगावरचे काळे कपडे त्या दुखवट्याचे.

1537 च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची तिसरी राणी जेन सीमोर बाळंतपणानंतर गेली, आणि दरबारात नव्या सोयरिकीची चाचपणी सुरू झाली. क्रिस्टिना तेव्हा ब्रसेल्सला मावशीकडे, हंगेरीच्या राणी मेरीकडे राहत होती. मामा म्हणजे सम्राट पाचवा चार्ल्स. एवढं वजनदार घराणं, पण मुलगी राजाने पाहिलेली नाही. म्हणून त्याने आपला चित्रकार हान्स होल्बाइन याला धाडलं.

12 मार्च 1538. दुपारी एक ते चार. क्रिस्टिना होल्बाइनसमोर बसली ती एवढाच वेळ.

त्याआधी इंग्लंडचा ब्रसेल्समधला वकील, म्हणजे राजदूत, जॉन हटन याने दुसऱ्या एका चित्रकाराकडून तिचं चित्र करून लंडनला रवानाही केलं होतं. होल्बाइनचं काम पाहिल्यावर त्याने माणूस पिटाळून ते वाटेतूनच परत मागवलं.

(दृश्य: विंडसरच्या संग्रहातली होल्बाइनची रेखाचित्रं.)

क्रिस्टिनाचं त्या दुपारचं रेखाचित्र आज उरलेलं नाही. पण होल्बाइनची अशी सुमारे 80 चित्रं विंडसर किल्ल्यात जपलेली आहेत आणि तीन तास कसे पुरले ते त्यांच्यावरून कळतं. इंग्लंडमधल्या दुसऱ्या मुक्कामात तो कागदाला आधीच गुलाबीसर रंगाचा पातळ हात देऊन ठेवायचा. त्वचेची मधली छटा त्यामुळे बसल्याबसल्याच तयार मिळायची. काळ्या खडूने चेहऱ्याची कड, तांबड्याने ओठ आणि गाल, आणि पापणीची रेघ, नाकपुडी, ओठांची फट अशा नेमक्या जागा शाईने पक्क्या. कपड्यांवर तो वेळ घालवत नसे. मखमल, डमास्क अशी कापडांची नावं कागदावरच टिपून ठेवायचा. कपडे नंतरही रंगवता येतात, त्यासाठी माणूस समोर लागत नाही. चेहऱ्याला मात्र लागतो, म्हणून मिळालेला वेळ चेहऱ्याचा.

(दृश्य: ओकच्या फळ्या, सरसाचं भांडं.)

आता लाकडाकडे वळू. एवढ्या रुंदीला एक फळी पुरत नाही, म्हणून उभ्या फळ्या कडेला कड लावून सरसाने जोडतात. ओक मध्यातून बाहेर, कलिंगडाच्या फोडीसारखा चिरलेला हवा. आडवा चिरलेला ओक दमट हवेत वाकतो आणि वरचा रंग तडकतो. मग फळीला पातळ सरसाचा हात. तो राहिला तर लाकूड वरच्या खडूच्या थरातला सरस पिऊन टाकतं, ते अस्तर भुसभुशीत होतं आणि पुढे पापुद्रे सुटतात. त्यावर खडूची पूड आणि सरस यांचे अनेक थर, प्रत्येक वाळवून, शेवटी घासून हस्तिदंतासारखा गुळगुळीत पृष्ठभाग.

रेखाचित्र त्यावर उतरवायचं तर खाली कोळसा फासलेला दुसरा कागद ठेवायचा आणि वरून बोथट टोकाने रेषा गिरवायच्या. विंडसरच्या काही कागदांवर हे गिरवल्याचे खोलगट व्रण दिसतात. कागद जरा सरकला की डोळा आणि नाक यांचं नातं बिघडतं, मग ओळख गेलीच. रेघ गडद उतरली तरी पंचाईत: शिशाचा सफेदा तेलात शतकानुशतकं राहिला की थोडा पारदर्शक होतो आणि खालचा कोळसा चेहऱ्यातून डोकावू लागतो.

(दृश्य: चेहरा आणि हात, अगदी जवळून.)

त्वचेत मुख्यतः सफेदा आणि चिमूटभर हिंगूळ, म्हणजे तांबडा रंग. होल्बाइन गालावर खोल सावली टाकतच नाही. केसही टोपीखाली झाकलेले. त्यामुळे या काळ्या आकारात डोळा दोनच जागी जातो, चेहऱ्याकडे आणि हातांकडे. हातात फिकट हातमोजे आहेत, बोटात लाल खड्याची अंगठी. एवढ्या चित्रात ठसठशीत लाल एवढंच.

आणि मग काळा झगा. या चित्रातलं सगळ्यात अवघड काम मला हेच वाटतं. काळा रंग सरसकट लावला तर झगा भिंतीतल्या भोकासारखा दिसतो. म्हणून निव्वळ काळा फक्त खोल चुण्यांत ठेवायचा, बाकी कापड सफेदा मिसळलेल्या करड्या-काळ्यात, आणि चमक अरुंद, धारदार. साटीनची चमक घडीच्या माथ्यावर येते. मखमलीची कडेला, जिथे लव आडवी दिसते. जागा चुकली की कापड बदलतं. कोळशासारखे काळे रंग तेलाला वाळूही देत नाहीत. खालचा थर ओला असताना वर लवकर वाळणारा रंग चढवला तर वरचा ताणून फाटतो. झग्याच्या पुढच्या काठाची तपकिरी फर हा काळा भाग भिंतीपासून सोडवते, शिवाय निळसर हिरवी पार्श्वभूमीही त्याच कामाला आहे.

18 मार्चला हेन्रीने क्रिस्टिनाचं चित्र पाहिलं. तो इतका खूश झाला की दिवसभर गाणंबजावणं चाललं, असं सम्राटाच्या वकिलाने कळवलं. ते चित्र हे नव्हे. सहा दिवसांत प्रवास करून एवढा मोठा तैलचित्राचा पट रंगवून वाळवणं शक्यच नाही. त्याने पाहिलं ते बहुधा रेखाचित्र, किंवा त्यावरून घाईने केलेलं काही. पूर्ण उंचीचं चित्र मागाहून झालं.

लग्न जमलं नाही. चित्र मात्र हेन्रीने ठेवून घेतलं.

(दृश्य: क्लीव्हजची अ‍ॅन, लूव्र.)

पुढच्या वर्षी क्लीव्हजच्या अ‍ॅनला पाहायला होल्बाइन ड्यूरेनला गेला, तेव्हा त्याने चर्मपत्रावरच रंगवलं. चर्मपत्र प्रवासाला हलकं, लाकडाची कटकट नाही. 1540 च्या जानेवारीत लग्न झालं, जुलैत मोडलं, आणि चित्रकाराने राजाला फसवलं ही गोष्ट तेव्हापासून रंगवून सांगितली जाते. ती पटत नाही. हुबेहूब उतरलंय, असं तिथे हजर असलेल्या इंग्रज वकिलानेच लिहिलं होतं. एवढं खरं की चेहरा अगदी समोरून घेतला की नाकाची लांबी कळत नाही. क्रिस्टिना किंचित वळलेली आहे, अ‍ॅन तशी नाही.

क्रिस्टिनाचं चित्र पुढे नॉरफोकच्या ड्यूक घराण्याकडे गेलं. 1909 मध्ये ते देशाबाहेर जाणार अशी वेळ आली. 72,000 पौंड हवे होते, त्यातले 40,000 नाव न सांगणाऱ्या एका दात्याने दिले आणि ते नॅशनल गॅलरीत राहिलं. ओक आजही हवेप्रमाणे फुगतो, आकसतो, तोही रुंदीत. उंचीत जवळजवळ नाहीच. म्हणून अशा चित्रात तडा बहुतेक वेळा उभाच जातो, फळ्यांच्या सांध्यावर. समोर उभे राहाल तेव्हा प्रकाश बाजूने पडेल असे उभे राहा: सांधे दिसतात, आणि काळ्या झग्यातल्या करड्या छटाही.