सुरीच्या आधी मोजपट्टी

[दृश्य: अंधारी तपासणी खोली. आईच्या मांडीवर दोनेक वर्षांचं मूल. डोळ्यावर सरकणारी प्रकाशाची उभी रेघ.]

निवेदन:
नेत्रशास्त्रात एम.एस. किंवा डी.एन.बी. करून जे डॉक्टर बालनेत्र विभागात फेलो (पुढचं खास प्रशिक्षण घेणारे) म्हणून येतात, त्यांचा हात मोठ्यांच्या मोतीबिंदूवर बसलेला असतो. इथे सुरुवातीला त्यांच्या हातात येतो तो रेटिनोस्कोप, डोळ्यावर प्रकाशाची रेघ फिरवून चष्म्याचा नंबर काढायचं उपकरण. मदुराईचं अरविंद, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय अशा संस्थांत लहान मुलांचे डोळे आणि तिरळेपणा हा फेलोशिपचा स्वतंत्र विषय आहे. याची सुरुवात वॉशिंग्टनची. १९४३ मध्ये डॉ. फ्रँक कॉस्टेनबेडर यांनी फक्त मुलांचेच डोळे तपासायचे ठरवले. मार्शल पार्क्स हे त्यांचे पहिले फेलो.

मूल जवळचं बघताना डोळ्यातलं भिंग इतकं जोरात फुगवतं की नंबर खोटा येतो. म्हणून आधी औषधाने ती ताकद सैल करायची. सायक्लोपेंटोलेटचे थेंब, किंवा तिरळं बघणाऱ्या लहान मुलाला घरी तीन दिवस १ टक्का ॲट्रोपिनचं मलम. थेंब घातल्यावर नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायचं, नाहीतर औषध नाकात उतरून रक्तात जातं. चेहरा लाल, अंग गरम, तोंड कोरडं झालं तर औषध बंद. हे आईला आधीच सांगायचं.

रेटिनोस्कोप धरणारा मुलापासून ६६ सेंटिमीटरवर बसला तर आलेल्या नंबरातून त्या अंतरापोटी दीड वजा करायचा, ५० सेंटिमीटरवर बसला तर दोन. मूल रडायला लागलं की नवा फेलो नकळत पुढे सरकतो आणि वजा मात्र दीडच करतो. चष्म्यात अर्धा नंबर जास्तीचा प्लस जातो तो इथून.

[दृश्य: ऑपरेशन थिएटर. भूल दिलेलं तान्हं बाळ. आधी मोजमाप चालू.]

निवेदन:
जन्मजात दाट मोतीबिंदू एकाच डोळ्यात असेल तर शस्त्रक्रिया साधारण सहा आठवड्यांच्या आत व्हावी, दोन्हीकडे असेल तर आठ ते दहा आठवड्यांच्या आत. उशीर झाला तर मेंदू त्या डोळ्याकडून बघायला शिकतच नाही. पण पहिल्या चार आठवड्यांत घाई केली तर पुढे काचबिंदूचा धोका वाढतो. म्हणजे हातात असतात जेमतेम काही आठवडे, आणि त्यातच बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि नातेवाईक यांची मोट बांधायची.

नवजात डोळ्याची लांबी सुमारे १७ मिलिमीटर, मोठ्या माणसाची साडेतेवीसच्या आसपास. लांबी मोजणारं प्रोब बाळाच्या मऊ कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) जरा दाबलं गेलं की डोळा आखूड भरतो. मोठ्यांत एका मिलिमीटरची चूक बसवायच्या कृत्रिम भिंगाच्या ताकदीत सुमारे अडीच डायॉप्टरला (म्हणजे अडीच नंबरला) पडते, तान्ह्यात त्याहून बरीच जास्त. म्हणून कॉर्नियाला न टेकता, मध्ये द्रव ठेवून मोजलेलं बरं.

डोळा वाढणार हे धरून हे कृत्रिम भिंगही मुद्दाम कमी ताकदीचं निवडतात. अमेरिकेत ११४ बाळांवर झालेल्या अभ्यासात चार ते सहा आठवड्यांच्या बाळाला अधिक ८ (प्लस ८) नंबर चष्म्यासाठी शिल्लक ठेवला होता, त्याहून मोठ्या बाळांना अधिक ६. त्याच अभ्यासात साडेचार वर्षांच्या वयाला भिंग बसवलेल्या आणि नुसत्या कॉन्टॅक्ट लेन्सवर ठेवलेल्या मुलांच्या नजरेत फरक दिसला नाही. भिंगवाल्यांना पुन्हा थिएटरमध्ये जास्त वेळा यावं लागलं. तेव्हा ‘भिंग टाकलं म्हणजे चष्मा गेला’ हा समज पहिल्याच भेटीत पुसायचा. एवढ्या लहान बाळात भिंग न टाकणं हाही पूर्ण उपचार असतो, आणि पुष्कळदा तोच शहाणपणाचा.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकातून. निळ्या रंगाने रंगवलेलं भिंगाचं पुढचं आवरण.]

निवेदन:
हाताची खरी परीक्षा इथे. मुलाच्या भिंगाचं आवरण रबरासारखं ताणतं. मोठ्यांच्या सवयीने गोलाकार ओढत गेलं की फाट कडेकडे पळते. म्हणून दाट जेल भरून भिंग सपाट दाबायचं, आवरणाचा तुकडा दर थोड्या अंतरावर नव्याने पकडायचा आणि प्रत्येक वेळी बाहुलीच्या मध्याकडे ओढायचा. ठरवलेल्या मापापेक्षा छिद्र लहानच ठेवायचं, ते आपोआप पसरतं. अगदी तान्ह्यात चिमट्याऐवजी व्हिट्रेक्टर या कापून ओढून घेणाऱ्या उपकरणाने कापून गोल करतात. आतला गर मऊ असतो, नुसता ओढून निघतो.

पाच-सहा वर्षांखालच्या मुलात मागचं आवरणही उघडतात आणि त्यामागचा थोडा जेलीसारखा व्हिट्रियस काढतात. तसं केलं नाही तर ते आवरण पुन्हा गढूळ होणार हे जवळपास ठरलेलं. व्हिट्रियसचा एखादा धागा जखमेत अडकला तर बाहुली वाकडी होते. ट्रायमसिनोलोन हे पांढरं औषध टाकलं की तो धागा पांढरा दिसतो. छोट्याशा जखमेलाही टाका घालायचा, कारण बुबुळाभोवतीची भिंत लवचीक असते आणि मूल डोळा चोळणारच. विरघळणारा दोरा वापरला तर टाका काढायला पुन्हा भूल लागत नाही.

[दृश्य: प्रिझमच्या पट्ट्या. मूल सहा मीटरवरच्या चित्राकडे बघतंय.]

निवेदन:
तिरळेपणाचा कोन प्रिझमने, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या तिरप्या भिंगाने मोजतात, तोही चष्मा लावून, लांबचं आणि जवळचं असा दोन्ही वेळा. प्लास्टिकचं प्रिझम धरताना त्याची मागची बाजू चेहऱ्याला समांतर हवी. आणि एकाच दिशेला दोन प्रिझम एकावर एक ठेवून बेरीज करायची नाही. ४० आणि २० मिळून ६० होत नाहीत, परिणाम त्याहून जास्त निघतो.

आत वळलेला डोळा पूर्ण प्लस चष्म्याने सरळ होत असेल तर सुरीचं काम नाही. असा डोळा चष्मा न देताच सरळ केला तर काही वर्षांनी तो बाहेर जाऊ शकतो. चष्म्यानंतरही ३० प्रिझमचा कोन उरला, तर प्रचलित तक्त्याप्रमाणे दोन्ही डोळ्यांचा आतला स्नायू साडेचार मिलिमीटर मागे नेतात. स्नायूच्या जोडाच्या लगेच मागे डोळ्याची भिंत जेमतेम ०.३ मिलिमीटर जाड. सुई आडवी, चपटी चालवली नाही तर थेट आत शिरते. स्नायू ओढताना नाडी अचानक मंदावते. ओढ सोडायची, भूलतज्ज्ञाला सांगायचं आणि ठोके पूर्ववत होईपर्यंत थांबायचं. आतला स्नायू हातून निसटला तर शोधणं सगळ्यांत अवघड, कारण शेजारच्या तिरक्या स्नायूंशी त्याचा धागा नसतो. घाबरून चरबीत चाचपडलं की नुकसान वाढतं.

[दृश्य: नवजात अतिदक्षता विभाग. पेटीतलं बाळ.]

निवेदन:
वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या रेटिनात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यात, रक्तवाहिन्या चुकीच्या वाढू शकतात. म्हणून भारतात ३४ आठवड्यांआधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाची रेटिना ३० दिवसांच्या आत तपासायची असते. अगदी लहान, २८ आठवड्यांआधीची किंवा १२०० ग्रॅमखालची बाळं दोन-तीन आठवड्यांतच. बाहुली मोठी करायला फेनिलेफ्रिन अडीच टक्क्यांचंच. मोठ्यांचं दहा टक्क्यांचं बाळाचा रक्तदाब चढवतं. उपचाराची गरज ठरली की ४८ ते ७२ तासांत लेझर किंवा इंजेक्शन, कारण आठवडाभरात रेटिना सुटू शकते. लेझरनंतर साधारण आठवड्याने पुन्हा बघायचं: रक्तवाहिन्यांचा फुगवटा उतरला नसेल तर लेझरच्या ठिपक्यांमध्ये सुटलेल्या जागा शोधून भरायच्या. या मुलांत मायनस नंबर आणि तिरळेपणा जास्त आढळतो, म्हणून रेटिना शांत झाल्यावरही चष्म्याची तपासणी पहिल्या वर्षापासूनच सुरू करतात.